रसायनशास्त्र शिकून पुढे काय?



जेवताना भाजीचा रस्सा शर्टावर सांडला, की आई आधी ओरडते आणि मग त्या डागावर साबण चोळते. त्या वेळी काय होतं, नीट पाहिलंय कधी? पिवळा डाग बघता बघता लाल होतो! आपल्याला वाटतं, डाग आणखीनच बिघडला. पण तसं नसतं. हळदीत कर्क्युमिन नावाचं पिवळं द्रव्य असतं. साबण असतो आम्लारिधर्मी. आम्लारी भेटली की कर्क्युमिन लाल होतं. त्यावर लिंबाचे चार थेंब पिळा, डाग पुन्हा पिवळा! प्रयोगशाळेत लिटमसचा कागद जे काम करतो, तेच काम तुमच्या शर्टाने फुकटात करून दाखवलं.

म्हणजे रसायनशास्त्र आपल्या घरातच नांदतंय. पण हाच विषय पुढे शिकायचा म्हटलं, की घरोघरी कपाळाला आठ्या पडतात. "केमिस्ट्री? नुसती घोकंपट्टी! आणि शिकून करणार काय? फार तर मास्तर होशील!" हे वाक्य तुमच्याही कानांवर आलं असेल.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. चौथीतून बाहेर पडलेली मुलं मोठी झाली, तरी अधूनमधून भेटायला येतात. त्यांतली एक मुलगी आता बी.एस्सी.ला रसायनशास्त्र शिकते आहे. परवा ती आली ती वहीच्या कागदावर चक्क प्रश्नांची यादी घेऊन! काही प्रश्नांना मी तिथल्या तिथे उत्तरं दिली. काहींसाठी कॉलेजात शिकवणाऱ्या ओळखीच्या मंडळींना गाठलं, माहितीपुस्तिका चाळल्या. तुम्ही आठवीत असा, दहावीत असा की बारावीत, हे प्रश्न आज ना उद्या तुमच्याही पुढ्यात येणारच. म्हणून ते इथे देते आहे.

"हे सगळं पाठच करायचं का हो, बाई?"

थोडंसं पाठ करावं लागतं, हे खरं. मूलद्रव्यांच्या संज्ञा, संयुजा, काही सूत्रं. पाढे पाठ नसतील तर गणित अडतं ना, तसंच. पण बाकीचं पाठ करायचं नसतं, त्यातली सुसंगती ओळखायची असते.

एक उदाहरण घ्या. लिथियम पाण्यात टाकला तर तो हळूहळू अभिक्रिया करतो. सोडियम सुसाट धावतो. पोटॅशियम तर पेटच घेतो! तीन धातू, तीन वेगळी वाक्यं. पाठ करायची म्हटलं तर तिन्ही लक्षात ठेवा. पण आवर्तसारणीत पाहा. तिघंही एकाच उभ्या रांगेत, एकाखाली एक. तिघांच्याही सर्वांत बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन. जसजसं खाली जावं, तसतसा तो इलेक्ट्रॉन केंद्रकापासून दूर जातो आणि सहज सुटतो. जितका सहज सुटतो, तितकी अभिक्रिया जोरात. झालं! तीन वाक्यांचं एक कारण झालं. आता त्याच रांगेतला पुढचा रुबिडियम पाण्यात कसा वागेल, हे तुम्ही पुस्तक न उघडता सांगाल.

अकरावीत 'मोल' नावाचा पाहुणा भेटतो आणि निम्मा वर्ग तिथेच गार होतो. खरं तर मोल म्हणजे डझनासारखंच एक माप. हार्डवेअरचा दुकानदार खिळे मोजत बसतो का? तो वजन करून देतो. शंभर खिळ्यांचं वजन ठाऊक असलं, की हजार खिळे न मोजता देता येतात. अणू-रेणू तर खिळ्यांहून कितीतरी बारीक. ते मोजणार कसे? म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी मोठं माप घेतलं. ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात, इतके कण म्हणजे एक मोल. पाण्याचा एक मोल भरतो फक्त १८ ग्रॅम, म्हणजे चहाचे साधारण साडेतीन चमचे. त्या साडेतीन चमच्यांत एवढे रेणू! हे एकदा मनात बसलं, की पुढची गणितं त्रैराशिकासारखी सुटतात.

तेव्हा प्रश्न असा विचारा, 'हे असंच का?' घोकंपट्टी आपोआप कमी होते.

"मराठी माध्यमातून आले. अकरावीपासून सगळं इंग्रजीत. कसं निभावायचं?"

ही अडचण खरी आहे आणि तिने पुष्कळ हुशार मुलं मागे हटवली आहेत. पण नीट पाहा. मुलं विषयाला अडत नाहीत, नव्या शब्दांना अडतात. संयुग म्हणजे काय हे ज्याला समजलंय, त्याला 'कंपाउंड' हा फक्त नवा शब्द आहे, नवी गोष्ट नाही.

दहावीच्या सुट्टीत एक साधी वही करा. पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी. मूलद्रव्य म्हणजे एलिमेंट. आम्ल म्हणजे ॲसिड, आम्लारी म्हणजे बेस. संयुजा म्हणजे व्हॅलेन्सी. द्राव्य म्हणजे सोल्यूट, द्रावक म्हणजे सॉल्व्हंट. अवक्षेप म्हणजे प्रेसिपिटेट. उत्प्रेरक म्हणजे कॅटॅलिस्ट. क्षपण म्हणजे रिडक्शन. असे दोनशे शब्द जमवलेत, तरी अकरावीचं पुस्तक ओळखीचं वाटू लागेल. आणि वर्गात एखादं वाक्य कळलं नाही, तर ते मनातल्या मनात मराठीत करून पाहायला अजिबात लाजू नका. मराठीतून समजून घ्या आणि इंग्रजीतून लिहा. त्यात कमीपणा कसला?

"प्रॅक्टिकलला रीडिंग जुळवून लिहिलं, तर काय बिघडतं?"

हा प्रश्न तिने जरा हळू आवाजात विचारला! मोठी मुलं हसतील, कारण त्यांना ठाऊक आहे. अनुमापन करायचं असतं. ब्यूरेटमधून थेंब थेंब द्रावण सोडायचं आणि शंकुपात्रात फिकट गुलाबी रंग टिकला की थांबायचं. तीनदा केलं तर तिन्ही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. ते येत नाहीत. घंटा व्हायला आलेली असते. मग शेजारच्याच्या वहीत डोकावून आकडा 'जुळवला' जातो.

काय बिघडतं, ते एका गोष्टीवरून सांगते. इंग्लंडमध्ये लॉर्ड रॅले नावाचे शास्त्रज्ञ नायट्रोजन वायूची घनता मोजत होते. हवेतून इतर वायू काढून टाकून त्यांनी नायट्रोजन मिळवला. मग रासायनिक संयुगापासूनही नायट्रोजन मिळवला. दोन्ही एकच वायू. पण हवेतला जवळपास अर्ध्या टक्क्याने जड भरला! अर्धा टक्का म्हणजे किती? शंभर रुपयांत आठ आणे. कुणीही म्हटलं असतं, 'काट्याचा दोष असेल, द्या सोडून.' रॅलेंनी सोडलं नाही. पुन्हा पुन्हा मोजलं आणि १८९२ साली 'नेचर' या नियतकालिकात पत्र लिहून सरळ विचारलं, की हा फरक का पडतो, कुणी सांगेल का? विल्यम रॅम्झी हे रसायनशास्त्रज्ञ त्यांच्या जोडीला आले. १८९४ मध्ये उलगडा झाला. हवेत एक नवाच वायू लपून बसला होता. त्याचं नाव अरगॉन! आपल्या हवेत तो जवळजवळ एक टक्का आहे. १९०४ साली रॅलेंना भौतिकशास्त्राचं आणि रॅम्झींना रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं.

यातली आणखी गंमत ऐका. त्याआधी शंभराहून अधिक वर्षं, १७८५ साली, हेन्री कॅव्हेंडिश यांनी हवेवर प्रयोग करताना लिहून ठेवलं होतं, की शेवटी एक चिमुकला बुडबुडा उरतो आणि तो काही केल्या जात नाही. तो बुडबुडा अरगॉनचाच होता. कॅव्हेंडिशना तो काय आहे ते कळलं नाही, पण त्यांनी तो लपवला नाही.

तुमचं रीडिंग चुकलं असेल, तर वहीत खरं रीडिंग लिहा आणि खाली कारण लिहा. ब्यूरेटमध्ये हवेचा बुडबुडा राहिला होता, रंग जास्त गडद झाला, जे असेल ते. दोन गुण जातील, जाऊ देत. उद्या तुम्ही पाण्याच्या किंवा औषधाच्या प्रयोगशाळेत काम करणार आहात. तिथे जुळवलेला आकडा कुणाच्या तरी पोटात जातो.

"कोणतं दार केव्हा उघडतं आणि केव्हा बंद होतं?"

सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच! पुष्कळांचं नुकसान बुद्धी कमी असल्यामुळे होत नाही, दार बंद झाल्यावर कळल्यामुळे होतं. तेव्हा हा भाग आई-बाबांनाही वाचायला द्या.

दहावीनंतर तीन वाटा आहेत. पहिली आयटीआय. तिथे 'ॲटेंडंट ऑपरेटर, केमिकल प्लांट' आणि 'लॅबोरेटरी असिस्टंट, केमिकल प्लांट' असे ट्रेड आहेत. लवकर हाताला काम हवं असेल, तर ही वाट चांगली. दुसरी तंत्रनिकेतनाची. रासायनिक अभियांत्रिकीची पदविका तीन वर्षांची असते आणि ती झाल्यावर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. तिसरी वाट अकरावी विज्ञानाची.

अकरावीला विषय निवडताना सावध राहा! इथे एक दार गुपचूप बंद होतं. 'गणित अवघड' म्हणून पुष्कळ मुलं फक्त जीवशास्त्र घेतात. डॉक्टर व्हायचं असेल तर ते ठीक. औषधनिर्माणशास्त्राला, म्हणजे फार्मसीला, गणित किंवा जीवशास्त्र, दोन्हींपैकी काहीही चालतं. पण रासायनिक अभियांत्रिकीसाठी गणित लागतंच. बी.एस्सी. रसायनशास्त्राला बारावीच्या गणिताशिवाय प्रवेश मिळू शकतो, पण पुढे भौतिक रसायनशास्त्रात लॉगॅरिदम आणि कॅल्क्युलस वाट अडवून उभे राहतात. मन पक्कं होत नसेल, तर दोन्ही विषय ठेवा.

बारावीनंतर बी.एस्सी. आहे, फार्मसी आहे, अभियांत्रिकी आहे. मुंबईत माटुंग्याला रसायन तंत्रज्ञान संस्था, म्हणजे आयसीटी आहे. १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा एक विभाग म्हणून ती सुरू झाली आणि 'यूडीसीटी' या नावाने गाजली. नागपूरला १९४२ साली स्थापन झालेली लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था, म्हणजे एलआयटी आहे. ज्यांना संशोधनच करायचंय, त्यांच्यासाठी पुण्याला २००६ पासून आयसर ही संस्था आहे. तिथे बारावीनंतर पाच वर्षांचा सलग अभ्यासक्रम असतो आणि त्यासाठी वेगळी प्रवेश परीक्षा द्यावी लागते. बारावीची परीक्षा संपल्यावर चौकशी करू म्हणाल, तर अर्जाची मुदत निघून गेलेली असू शकते!

बी.एस्सी.नंतर नोकरी, बी.एड. किंवा एम.एस्सी. आयआयटीसारख्या संस्थांत एम.एस्सी. करायचं असेल, तर 'जॅम' ही परीक्षा असते. एम.एस्सी.नंतर नेट किंवा सेट या परीक्षा आणि पीएच.डी. आहेच. स्पर्धा परीक्षांकडे वळायचं असेल, तर संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत रसायनशास्त्र हा वैकल्पिक विषयही आहे.

आणि एक गैरसमज दूर करते. औषधांच्या दुकानावर 'केमिस्ट' अशी पाटी असते, म्हणून बी.एस्सी. केमिस्ट्री झाल्यावर औषधांचं दुकान काढता येईल, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही! त्यासाठी डी.फार्म. किंवा बी.फार्म. करून फार्मासिस्ट म्हणून नोंदणी लागते.

"पण काम मिळतं कुठे?"

आपल्या गावातच बघू या. डेअरीत दूध घातलं की 'फॅट किती लागली' हे विचारतात ना? फॅट मोजायच्या जुन्या पद्धतीत दुधात सल्फ्युरिक आम्ल घालतात. ते दुधातली प्रथिनं विरघळवतं, मग नळी यंत्रात गरगर फिरवली की स्निग्धांश वर येतो आणि मोजता येतो. आता बऱ्याच संकलन केंद्रांवर इलेक्ट्रॉनिक यंत्रं आली, पण ती बरोबर दाखवतात की नाही, हे तपासायला रसायनशास्त्र लागतंच.

साखर कारखान्यात जा. उसाचा रस आधी गढूळ असतो. त्यात चुन्याचं दूध आणि सल्फर डायऑक्साइड वायू सोडून तो स्वच्छ करतात. उसात साखर किती, हाती किती आली, हा 'उतारा' तिथला लॅब केमिस्ट काढतो. उसाचा दर ठरवताना हाच उतारा पाहतात. म्हणजे एका प्रयोगशाळेतल्या आकड्यावर शेकडो शेतकऱ्यांच्या घरचं वर्ष अवलंबून! रीडिंग का जुळवायचं नाही, ते आता पुन्हा एकदा आठवा.

गावच्या विहिरीत टीसीएल पावडर टाकतात आणि नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट करतात. का? पाण्यात क्लोरीन उरला आहे की नाही हे पाहायला. मातीपरीक्षण केंद्र, औषधांच्या कंपन्यांतला गुणवत्ता तपासणी विभाग, रंग, साबण, प्लॅस्टिक, खतं, कापडरंगाई, अन्न व औषध प्रशासन, प्रदूषण नियंत्रण मंडळ, या सगळ्या ठिकाणी रसायनशास्त्र शिकलेली माणसं लागतात. गुन्ह्यांच्या तपासात मदत करणारी न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळाही त्यांतलीच. तिचं महाराष्ट्रातलं मुख्यालय मुंबईत कलिन्याला आहे. तारापूर, महाड, लोटे-परशुराम, कुरकुंभ या ठिकाणच्या औद्योगिक वसाहतींत तर रसायनांचेच कारखाने आहेत.

गोड तेवढंच सांगणार नाही. नुसत्या बी.एस्सी.वर कारखान्यात लागलात, तर सुरुवातीचा पगार बेताचा असतो आणि रात्रपाळीही करावी लागते. शिवाय रसायनं जपून हाताळावी लागतात. १९८४ साली २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री भोपाळच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला आणि हजारो माणसं प्राणांस मुकली. रसायनशास्त्र न शिकण्याचं हे कारण नव्हे. उलट नीट शिकलेली, नियम पाळणारी आणि वरिष्ठांपुढे खरं बोलायची हिंमत असलेली माणसं तिथे हवीत, याचं हे कारण आहे.

आता पुन्हा हळदीकडे येऊ. १९९५ साली अमेरिकेत जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट दिलं गेलं. म्हणजे आपल्या आजीचा उपाय, आणि हक्क परक्याचा! भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ पुरावा म्हणून पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. त्या वेळी परिषदेचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर. १९४३ साली गोव्यातल्या माशेल गावी जन्मलेले, मुंबईत पालिकेच्या शाळेत शिकलेले. त्यांनी यूडीसीटीतून रासायनिक अभियांत्रिकी केली आणि पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले. ही प्रयोगशाळा १९५० पासून पुण्यात उभी आहे.

"मुलीने कशाला या फंदात पडायचं, असं घरचे म्हणतात."

हा प्रश्न वाचून मला कमला सोहोनी आठवल्या. १९११ सालचा जन्म, माहेरचं आडनाव भागवत. आपल्या थोर लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या बहीण. १९३३ साली रसायनशास्त्र घेऊन त्या मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाल्या आणि पुढच्या अभ्यासासाठी त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन, नोबेल पारितोषिकाचे मानकरी. त्यांनी प्रवेश नाकारला. का? तर मुलगी म्हणून!

कमलाबाई रडत घरी बसल्या नाहीत. थेट बंगळूरला गेल्या आणि समोर उभं राहून कारण विचारलं. अखेर अटी घालून, एक वर्ष काम पाहू असं म्हणून, त्यांना प्रवेश मिळाला. वर्षभरात त्यांचं काम पाहून रामन यांचंही मत बदललं आणि संस्थेची दारं पुढच्या मुलींसाठी उघडली. १९३९ साली कमलाबाईंनी केंब्रिज विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. परत येऊन त्यांनी डाळी आणि नीरा यांच्या पोषणमूल्यांवर संशोधन केलं. पुढे त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या.

मुलींनो, त्यांच्या वेळी दारच बंद होतं. तुमच्या वेळी ते उघडं आहे. बंद असलाच, तर फक्त घरचा दरवाजा! तो उघडायला ही गोष्ट आई-बाबांना वाचून दाखवा.

"बाई, शिक्षिका होऊ का? की दुसरं काही जमलं नाही, असं लोक म्हणतील?"

म्हणू देत! पण आधी तीन माणसांची ओळख करून देते.

जॉन डाल्टन. इंग्लंडमधल्या खेड्यातल्या शाळेत ते वयाच्या बाराव्या वर्षी शिकवू लागले. जन्मभर शिकवणीवर पोट भरलं आणि १८०८ साली अणुसिद्धान्ताचं पुस्तक प्रसिद्ध केलं.

मायकल फॅरडे. पुस्तकबांधणीच्या दुकानातला उमेदवार मुलगा. १८१२ साली त्यांनी हम्फ्री डेव्ही यांची व्याख्यानं ऐकली, टिपणं काढली, ती स्वतः बांधून डेव्हींकडे पाठवली आणि पुढच्या वर्षी त्यांचे मदतनीस झाले. पुढे बेंझीनचा शोध लावणारे फॅरडे नाताळात मुलांसाठी व्याख्यानं देत. एका साध्या मेणबत्तीवर त्यांनी सहा व्याख्यानं दिली!

आणि दिमित्री मेंडेलीव्ह. सेंट पीटर्सबर्गच्या विद्यापीठात शिकवताना त्यांना विद्यार्थ्यांसाठी चांगलं पाठ्यपुस्तक मिळेना, म्हणून ते स्वतःच लिहायला बसले. तेव्हा ठाऊक होती ६३ मूलद्रव्यं. ती मुलांना कोणत्या क्रमाने शिकवायची? या शिक्षकी अडचणीतून १८६९ साली आवर्तसारणी तयार झाली. जिथे मूलद्रव्य सापडत नव्हतं, तिथे मेंडेलीव्हनी जागा रिकामी ठेवली आणि नावं दिली एका-ॲल्युमिनिअम, एका-बोरॉन, एका-सिलिकॉन. हा 'एका' म्हणजे आपल्या संस्कृतातला 'एक' बरं का! पुढे १८७५ मध्ये गॅलियम, १८७९ मध्ये स्कँडियम आणि १८८६ मध्ये जर्मेनियम सापडलं आणि त्या तिन्ही जागा भरल्या.

तेव्हा शिकवणं म्हणजे उरलंसुरलं काम नव्हे. मात्र दुसरं काही मिळालं नाही म्हणून शिक्षक होऊ नका. आपल्याला समजलेलं दुसऱ्याला सांगताना आनंद होतो का, एवढं स्वतःला विचारा. शेजारच्या सातवीतल्या मुलाला महिनाभर विज्ञान शिकवून बघा, उत्तर मिळेल.

वाट अशी आहे. पहिली ते पाचवीला शिकवायचं, तर बारावीनंतर डी.एल.एड., म्हणजे पूर्वीचं डी.एड., आणि टीईटी. माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवायचं, तर बी.एस्सी. आणि बी.एड. अकरावी-बारावीला एम.एस्सी. आणि बी.एड. महाविद्यालयात एम.एस्सी. आणि त्यावर नेट किंवा सेट. बारावीनंतर चार वर्षांत बी.एस्सी. आणि बी.एड. एकत्र करण्याची सोयही आहे. भोपाळच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेत असा अभ्यासक्रम चालतो. भरतीचे नियम बदलत असतात, तेव्हा त्या त्या वर्षीची जाहिरात नीट वाचायची.

आई-बाबांसाठी दोन शब्द

खर्चाची काळजी तुम्हाला असणारच. बी.एस्सी.ची अनुदानित महाविद्यालयातली फी अभियांत्रिकीच्या मानाने पुष्कळ कमी असते. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेची 'कमवा आणि शिका' ही योजना प्रसिद्धच आहे. अशा योजना इतरही अनेक महाविद्यालयांत आहेत. अभियांत्रिकी, फार्मसी यांसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत पद्धतीने प्रवेश घेणाऱ्या मुलींसाठी महाराष्ट्र सरकारने २०२४-२५ पासून शुल्कमाफी सुरू केली. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास गटांतली, वर्षाला ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेली कुटुंबं त्यात येतात. आणि नेट परीक्षेतून संशोधनाची फेलोशिप मिळाली, तर पीएच.डी. करताना विद्यावेतन मिळतं. २०२३ मध्ये ते सुरुवातीला दरमहा ३७ हजार रुपये असं ठरलं. म्हणजे शिकता शिकता मूल घराला हातभारही लावू शकतं.

एवढंच करा. मुलाने किंवा मुलीने काय व्हायचं, ते दहावीच्या निकालादिवशी ठरवू नका. फक्त कोणतं दार केव्हा बंद होतं, याची चौकशी त्यांच्याबरोबर बसून करा.

या आठवड्यात करून पाहा

दोस्तांनो, एका पांढऱ्या कागदावर हळदीचं घट्ट पाणी लावून कागद वाळवा आणि त्याच्या पट्ट्या कापा. मग घरातल्या दहा पदार्थांचा एकेक थेंब त्यावर ठेवा. साबणाचं पाणी, लिंबू, ताक, खायचा सोडा, चिंचेचं पाणी, राखेचं पाणी, साखरेचं पाणी, मिठाचं पाणी, दूध आणि साधं पाणी. संडास साफ करायचं ॲसिड मात्र मुळीच घ्यायचं नाही!

वहीत तक्ता आखा. प्रत्येक पदार्थापुढे आधी तुमचा अंदाज लिहा आणि मग जे खरोखर दिसलं ते लिहा. अंदाज चुकला तर खोडू नका. त्याच्यापुढे फक्त एक शब्द लिहा, 'का?'

रसायनशास्त्राचा पहिला धडा तुम्ही शिकलात, असं समजा!